सोपी वाट : कान्हेरीच्या डोंगरात फिरणाऱ्यांचा इतिहास



मागच्या वेळी आम्ही या व्यासपीठावरून वेदान्तातल्या 'साक्षी'बद्दल बोललो, तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोघांना झोप लागली होती. संयोजकांनी यंदा अगदी नम्रपणे सुचवलं की या वेळी काहीतरी हलकं घ्या, लोकांना उपयोगाचं घ्या. आमच्या या उपनगरात साठीच्या पुढची मंडळी पुष्कळ, डॉक्टर सगळ्यांना एकच औषध सांगतात, चाला. तेव्हा सोप्या पायवाटांवर बोला. गुडघे दुखणाऱ्यांना झेपतील अशा वाटा सांगा. आम्ही कबूल झालो. वाटा सांगू, पण जित्याची खोड जात नाही म्हणतात. शब्द हातात आला की तो उलटापालटा करून पाहायची आम्हाला सवय. 'सोपी वाट' हा शब्द घेतला आणि प्रश्न पडला, ही वाट सोपी कोणी केली? डोंगरात वाट आपोआप सोपी नसते. दगड कोणीतरी फोडलेला असतो, झाड कोणीतरी तोडलेलं असतं, पाणी कोणीतरी साठवलेलं असतं. आजचं भाषण त्या 'कोणीतरी'बद्दल आहे.

उदाहरण लांबचं घेत नाही. बोरिवली स्टेशनात पूर्वेला उतरलं की पाऊण तासात आपण ज्या जंगलात असतो, तेच घेऊ. त्याचं सरकारी नाव संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. आमच्या पिढीची माणसं अजून 'नॅशनल पार्क' म्हणतात, रिक्षावालेही तेच म्हणतात. सुमारे 104 चौरस किलोमीटरचं हे जंगल एका बाजूने बोरिवली-मालाड-गोरेगाव, दुसऱ्या बाजूने ठाणे-मुलुंड-भांडुप, आणि उत्तरेला वसईची खाडी यांच्यामध्ये बसलेलं आहे. एवढ्या मोठ्या शहराच्या पोटात बिबट्या राहतो असं ठिकाण जगात शोधून सापडायचं नाही, असं आम्ही पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. तो अभिमान कितपत आपला, हे पुढे पाहू.

आधी वाटा. मुख्य दरवाजातून आत शिरलं की डांबरी रस्ता सरळ कान्हेरीपर्यंत जातो, साधारण सहा किलोमीटर. चढ शेवटी शेवटी लागतो, तोवर सावली भरपूर. ज्यांना एवढंही नको त्यांनी दरवाजाजवळची गांधी टेकडी करावी, वर मंडप आहे, बाक आहेत, वारा आहे. दहिसर नदीच्या काठाकाठाने थोडं जाऊन परत यावं. नदी म्हटल्यावर हसू नका, पुढे शहरात तिचं जे काय होतं ते होतं, पण इथे ती अजून नदी आहे. जरा उत्साही असाल तर शिलोंड्याची वाट आहे, ओढ्याच्या संगतीने जाणारी. मात्र तिथे वनखात्याच्या परवानगीने आणि वाटाड्याबरोबरच जायचं. कान्हेरीच्या वरच्या अंगाने आणखी चढणाऱ्या वाटा आहेत, डोंगराचा माथा 450 मीटरच्या वर जातो. तिकडे आता आम्ही जात नाही. पावसाळ्यात कातळ निसरडा होतो, आमच्या वयाला हाड मोडणं परवडत नाही. ठाण्याच्या बाजूने येऊर आहेच. तिथे रविवारी सकाळी चालणाऱ्यांपेक्षा मिसळ खाणारे जास्त असतात, पण तोही एक व्यायाम आहे.

आता इतिहास. कान्हेरी हे नाव 'कृष्णगिरी'वरून आलं. कृष्णगिरी, कण्हगिरी, कान्हेरी. कृष्ण म्हणजे इथे काळा, काळ्या कातळाचा डोंगर. इसवी सनाच्या आगेमागे या कातळात लेणी खोदायला सुरुवात झाली आणि पुढे जवळजवळ हजार वर्षं ते काम कमीजास्त चालू राहिलं. शंभराहून अधिक लेणी आहेत. अजिंठ्यासारखी रंगांची श्रीमंती इथे नाही, वेरूळसारखं डोळे दिपवणारं शिल्पही मोजकंच. इथली बरीच लेणी म्हणजे चक्क राहायच्या खोल्या. एक ओटी, एक खोली, झोपायला दगडी ओटा, बाहेर बसायला दगडी बाक आणि बाजूला पाण्याचं टाकं. आमच्या एका विद्यार्थ्याने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाला, सर, ही तर वन रूम किचनची चाळ आहे. आम्ही त्याला रागावलो नाही, कारण खरंच आहे ते.

या चाळीत राहणारे भिक्षू काय करत? पुष्कळ काही करत, पण त्यातलं एक आजच्या विषयाशी जोडलेलं आहे. ते फेऱ्या मारत. पाली भाषेत त्याला 'चंकम' म्हणतात, संस्कृतात चंक्रमण. ठरलेल्या पट्ट्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश, जागेपणी चालायचं. अंगुत्तर निकायात बुद्धाने चंकमाचे पाच लाभ सांगितले आहेत: लांबचा प्रवास झेपतो, प्रयत्नाला बळ येतं, प्रकृती चांगली राहते, खाल्लेलं नीट पचतं, आणि चालता चालता साधलेली एकाग्रता जास्त वेळ टिकते. पाचातले तीन लाभ आमचे डॉक्टरही सांगतात, फी घेऊन. गंमत बाजूला ठेवू. मोक्षाच्या वाटेवर निघालेल्या माणसानेही पचनाचा विचार केला होता, हे आम्हाला फार आवडतं. तत्त्वज्ञान शिकवताना आम्ही शरीर वर्गाबाहेर चपलांसारखं काढून ठेवायला सांगत होतो, याची या वयात लाज वाटते.

पण भिक्षूला चालायला आणि राहायला जागा कोणी दिली? त्याची उत्तरं तिथेच भिंतीवर लिहिलेली आहेत. कान्हेरीत ब्राह्मी शिलालेख पुष्कळ आहेत आणि त्यातले बरेचसे पावत्यांसारखे आहेत. अमक्या गावच्या अमक्याने अमुक दान दिलं. गावं पाहा: कल्याण, सोपारा, नाशिक, चौल. म्हणजे बंदरं आणि बाजारपेठा. दाते पाहा: व्यापारी, सोनार, लोहार, भिक्षुणी, घरच्या बायका. मोठा चैत्य सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळचा, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला, तोही व्यापाऱ्यांच्या पैशांतून झालेला. राजाचं नाव काळ सांगण्यापुरतं येतं. एका लेखात कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने 'पानीयपोढी' दिल्याची नोंद आहे. पोढी म्हणजे कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं. लेणी पाहणारी मंडळी अजून हाच शब्द वापरतात.

आम्ही या पोढीपाशी नेहमी थांबतो. कान्हेरीचं खरं आश्चर्य शिल्पात नाही, पाण्यात आहे. पावसाचं पाणी कातळावरून वाहून जाऊ नये म्हणून छपरांवर, भिंतींवर पन्हाळी कोरलेल्या, त्या टाक्यांत सोडलेल्या, एक भरलं की दुसऱ्यात. चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने कोरडा कातळ अशा डोंगरावर एवढी माणसं राहिली ती या टाक्यांच्या जिवावर. आणि एका लेण्याकडून दुसऱ्याकडे नेणाऱ्या पायऱ्या. त्या नीट पाहा. माणसाच्या साध्या पावलाला बसेल एवढ्याच खोदलेल्या आहेत. छिन्नी धरणाऱ्यांची नावं कुठेच नाहीत. सोनाराने नाव कोरवून घेतलं, कोरणाऱ्याला स्वतःचं नाव कोरायला कोणी पैसे दिले नाहीत.

पुढे राष्ट्रकूट आणि त्यांचे मांडलिक कोकणचे शिलाहार यांच्या काळातही दानं येत राहिली. शके 775, म्हणजे इसवी सन 853-54 मधल्या एका लेखात गौड देशाहून, म्हणजे बंगालहून आलेल्या अविघ्नाकराने 100 द्रम्म दिल्याचं म्हटलं आहे. बंगालहून कोकणात! आम्ही बोरिवलीहून दादरला जायचं तर दोन दिवस आधी ठरवतो.

इथवरचे सगळे लोक कामासाठी, धर्मासाठी आले. केवळ 'पाहायला' कोण आलं? याचं उत्तर आम्हाला 90 क्रमांकाच्या लेण्यात सापडतं. तिथे पहलवी लिपीत कोरलेले लेख आहेत. पारशांचे. यझदगर्दी सन 378, महिना आणि दिवस दिलेला, त्यावरून हिशोब केला तर 10 ऑक्टोबर आणि 24 नोव्हेंबर 1009. आणखी एक 30 ऑक्टोबर 1021 चा. मजकूर काय? तर आम्ही अमुक अमुक मंडळी या ठिकाणी आलो, आणि मग नावांची यादी. दान नाही, प्रार्थनेचा मोठा मजकूर नाही. तारखा पाहिल्यात का? पाऊस संपून हवा आल्हाददायक होते ते दिवस. आजही आपण सहली त्याच दिवसांत काढतो. बौद्धांच्या डोंगरावर अग्निपूजक मंडळी आली, चालली, बसली, आणि 'आम्ही येऊन गेलो' असं लिहून गेली. आज कोणी भिंतीवर नाव कोरलं तर आम्ही त्याच्या अंगावर ओरडतो, आणि ओरडलंच पाहिजे. पण हजार वर्षांपूर्वीच्या या नावांपुढे आमचा आवाज मऊ पडतो, हेही कबूल करतो.

पोर्तुगीज आले तेव्हा लेण्यांत भिक्षू नव्हते. पोर्तुगीजांना या डोंगराची भीती आणि भुरळ दोन्ही वाटली. दिओगु दु कोतु या त्यांच्या इतिहासकाराने एक गोष्ट लिहून ठेवली आहे. आतल्या एका भुयाराचा शेवट शोधायला एक पाद्री माणसं, मशाली, शिधा घेऊन निघाला, सात दिवस चालला, तरी टोक लागलं नाही. भुयार थेट खंबायतपर्यंत जातं म्हणे. अर्थात असलं काही भुयार नाही. आता मात्र ठाणे-बोरिवली दुहेरी बोगद्याचं काम निघालेलं आहे, याच डोंगराखालून. चारशे वर्षांपूर्वीची अफवा सरकारने मनावर घेतली असंच म्हणायचं.

स्थानिक लोकांनी भिक्षू गेल्यावरही डोंगर सोडला नव्हता. त्यांच्या लेखी ती पांडवांची कामं होती. महाशिवरात्रीला आजही कान्हेरीला जत्रेसारखी गर्दी लोटते. बुद्धाच्या लेण्यात शिवाची रात्र. पुरातत्त्वाच्या पुस्तकांना हे अडचणीचं वाटतं, लोकांना कधी वाटलं नाही.

आता हे जंगल टिकलं कसं, या प्रश्नाकडे येऊ. आजूबाजूचं सगळं साष्टी बेट घरांनी भरून गेलं आणि हा तुकडा उरला, तो काही आमच्या निसर्गप्रेमामुळे उरला नाही. तो उरला मुंबईच्या तहानेमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मुंबई शहर वाढलं आणि विहिरी-तलाव पुरेनात. 1856 साली विहार तलावाचं काम सुरू झालं आणि 1860 साली पुरं झालं. नळाने पाणी मुंबईला गेलं. तेही पुरेना, म्हणून 1879 मध्ये तुळशी तलाव. विहार आणि तुळशी ही आधी गावं होती, मग तलाव झाले. तलाव स्वच्छ राहायचा तर भोवतीच्या डोंगरावर वस्ती नको, शेती नको, गुरं नकोत. पाणलोट क्षेत्र राखलं गेलं आणि पाण्याबरोबर झाडं राखली गेली. सोनाराच्या पोढीपासून विहारच्या धरणापर्यंत सूत्र एकच, पाणी. फरक एवढाच की पोढीचं पाणी डोंगरावरच्यांसाठी होतं, धरणाचं पाणी डोंगरावरच्यांना बाजूला सारून खालच्यांसाठी होतं.

1942 साली कृष्णगिरी नावाने छोटं राष्ट्रीय उद्यान झालं, जेमतेम 20 चौरस किलोमीटरचं. मग ते टप्प्याटप्प्याने वाढत गेलं, नावं बदलत गेली. नकाशावर हिरवा रंग पसरला. पण त्या हिरव्या रंगात नवापाडा, चुनापाडा, तुमनीपाडा असे पाडे होते आणि आहेत. वारली, कोकणा, महादेव कोळी, कातकरी. ही माणसं उद्यानात आली नाहीत, उद्यान त्यांच्यावर आलं.

इथे आम्हाला थोडं स्वतःबद्दल बोलावं लागेल. ते टाळून हा इतिहास पुरा होत नाही.

नव्वदच्या दशकात आमची सकाळच्या फिरण्याची एक मंडळी होती. प्राध्यापक, बँकेतले, दोन डॉक्टर, एक वकील. दरवाजापासून एका ठरलेल्या पुलापर्यंत जायचं, कठड्यावर बसून राजकारण करायचं आणि परत. वाटेत एक वारली बाई बसायची. आमच्याच वयाची असेल. आम्ही तिला मावशी म्हणत असू, ती आम्हाला मास्तर. उन्हाळ्यात करवंदं, जांभळं. पावसाच्या तोंडावर शेवळं, आणि शेवळं घेतली की बरोबर काकडं फुकट, कारण काकडांशिवाय शेवळं खाजरी लागतात, हे तिनेच आमच्या घरात शिकवलं. पुढे टाकळा, भारंगी. आमच्या घरची पावसाळी भाजी त्या टोपलीतून यायची.

त्या वेळी उद्यानाच्या कडेने हजारो झोपड्या वाढल्या होत्या. त्यामागे दादा लोक होते, राजकारणी होते, जमिनीचे तुकडे विकणारे दलाल होते, आणि कुठेच घर न मिळालेली कामाची माणसं होती. 1995 साली प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. 7 मे 1997 रोजी न्यायालयाने अतिक्रमणं हटवायचा आदेश दिला. 1 जानेवारी 1995 च्या मतदारयादीत नाव असेल आणि 7,000 रुपये भरले तर बाहेर पर्यायी जागा, नाहीतर काही नाही. पुढची दोन-तीन वर्षं बुलडोझर चालले. बऱ्याच काळाने चांदिवलीला इमारती उभ्या राहिल्या.

आमच्या मंडळीने त्या सुमारास एक निवेदन काढलं. जंगल वाचलंच पाहिजे, कारवाईत कोणालाही सूट देऊ नये, अशा आशयाचं. मसुदा करायचं काम आमच्याकडे आलं, कारण आम्ही मास्तर. आम्ही तो फार सुंदर केला. 'भावी पिढ्यांची ठेव' वगैरे शब्द होते. सुरुवात होती: 'आम्ही खाली सह्या करणारे नागरिक…'. शंभरेक सह्या झाल्या. दोन ठिकाणी छापूनही आला.

मराठीत एक सोय आहे, इंग्रजीत ती नाही. 'आम्ही' म्हणजे बोलणारे, ऐकणारा सोडून. 'आपण' म्हणजे ऐकणाऱ्यालाही धरून. पोरालासुद्धा हा फरक कळतो. आई म्हणते 'आम्ही जातोय', पोर रडायला लागतं, 'आपण जाऊया' म्हटलं की चप्पल शोधतं. आम्ही आयुष्यभर भाषेचं तत्त्वज्ञान शिकवलं आणि त्या निवेदनात कोणता शब्द घातला ते आमच्या ध्यानात आलं नाही.

मावशीच्या ध्यानात आलं. तिला वाचता येत नव्हतं, पण कोणीतरी तिला सांगितलं होतं. एका सकाळी आम्ही शेवळांचा भाव विचारला तर म्हणाली, "मास्तर, आमच्या पाड्यात कागद आलाय. अतिक्रमण लिवलंय." मग विचारलं, "अतिक्रमण म्हंजे काय?" आम्ही सांगितलं, दुसऱ्याच्या जागेत शिरणं. तिने टोपलीतली पानं सारखी केली आणि म्हणाली, "तुमी सकाळी येता नि जाता. आमी हितंच हाय. मंग आत कोन शिरला?"

आम्ही उत्तर दिलं नाही. उत्तर नव्हतं म्हणून नाही, एक कायदेशीर उत्तर तोंडात तयार होतं आणि तेच बोलवेना. शेवळं घेतली, काकडं घेतली, घरी आलो. पुढच्या रविवारी मंडळीत विषय काढला की पाड्यांपुरती दुरुस्ती करणारं दुसरं निवेदन काढू. वकील म्हणाले, एकाला सूट दिली की सगळ्यांना द्यावी लागते. बाकीचे गप्प बसले आणि आम्हीही गप्प बसलो. दुसरं निवेदन निघालं नाही. पाड्यातली घरं पुढे राहिली, ती आमच्यामुळे नव्हे, त्या लोकांनी आणि त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं झगडा केला म्हणून. वीज मात्र मावशीच्या घरी फार उशिरा पोचली.

झोपड्या हटवणं चूक होतं की बरोबर, यावर इथे सभागृहात दोन तट पडतील याची आम्हाला कल्पना आहे. आमचं मत सांगतो. जंगल वाचलं हे चांगलं झालं. ज्या रीतीने वाचवलं त्यातली किंमत, ती परवडणाऱ्यांनी दिली नाही. ही दोन्ही वाक्यं आम्ही एका दमात म्हणतो आणि एकाने दुसऱ्याला खोडू देत नाही.

बिबट्याचा इतिहासही याच गोष्टीशी लागून आहे. 2004 साली उद्यानाच्या आसपास बिबट्यांच्या हल्ल्यांत बरीच माणसं गेली. त्या वर्षी आमचंही फिरणं बंद होतं. ओरड झाली, पिंजरे लागले. बाहेरून पकडलेले बिबटे आणून सोडले की गोंधळ वाढतो, हे हळूहळू अभ्यासकांनी दाखवून दिलं. 2011 पासून वनखातं, अभ्यासक आणि नागरिक मिळून लोकांशी बोलू लागले: कचरा साठू देऊ नका, म्हणजे कुत्री जमणार नाहीत. मुलांना अंधारात एकटं सोडू नका. बिबट्या दिसला तर घेराव घालू नका. वारल्यांना यातलं नवीन काय होतं? ते वाघोबाला पिढ्यान्‌पिढ्या पुजत आले आहेत, वाघबारशीला त्याचा मान ठेवतात. शेजारी कसा आहे हे माहीत असलं की वागायचं कसं तेही ठरतं.

आणि चालण्याबद्दलच बोलायचं तर या डोंगराकडे आलेला सर्वांत मोठा चालणारा एक बिबट्याच होता. 2009 साली नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेल्या एका बिबट्याला काढलं, विद्या अत्रेय यांच्या चमूने त्याला गळपट्टा बांधला आणि माळशेज घाटात सोडलं. त्याचं नाव ठेवलं आजोबा. हा आजोबा महामार्ग ओलांडून, कसाऱ्याकडचा रेल्वेमार्ग ओलांडून सुमारे 120 किलोमीटर चालत महिन्याभरात मुंबईच्या वेशीवर, या जंगलाच्या बाजूला आला. वाटेत कोणालाही इजा केली नाही. 2011 च्या डिसेंबरात घोडबंदरकडे महामार्गावर गाडीच्या धडकेत तो गेला. त्याच्यावर सिनेमाही निघाला. आम्ही तो पाहिला, पण आमच्या डोक्यात राहिला तो नकाशावरचा त्याच्या चालण्याचा वाकडातिकडा ठिपक्यांचा रस्ता. त्याला कोणी पायऱ्या खोदून दिल्या नव्हत्या.

वर्गात आम्ही तीस वर्षं कांटच्या फिरण्याची गोष्ट सांगितली. रोज ठरल्या वेळी फिरायला निघायचा, लोक घड्याळं लावून घ्यायचे, फक्त रूसोचं 'एमिल' वाचताना एकदा चुकला. मुलं हसायची. कोनिग्सबर्गचा तो रस्ता रोज कोण झाडत होतं, हा प्रश्न आम्हाला एकदाही सुचला नाही आणि एकाही विद्यार्थ्याने विचारला नाही. विचारला असता तर आम्ही बहुधा विषयाला धरून नाही म्हणून बाजूला सारला असता.

गेल्या काही वर्षांत पाड्यातली तरुण मुलं वाटाडे म्हणून काम करतात. 2024 मध्ये कारवी फुलली तेव्हा आम्ही बऱ्याच वर्षांनी आतल्या वाटेला गेलो. कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. आधीची 2016 ची, त्या आधीची 2008 ची. आमच्या वयात पुढच्या कारवीचा हिशोब करायचा नसतो, म्हणून हट्टाने गेलो. बरोबरचा मुलगा मावशीचा नातू निघाला. मावशी आता नाही. मुलगा झपाझप चालत होता आणि दर शंभर पावलांवर आमच्यासाठी थांबत होता, ते थांबणं आम्हाला कळू नये म्हणून काहीतरी दाखवत होता. हे पाहा, रानडुकराने उकरलंय. हे पाहा, बिबट्याने खोडावर नखं घासलीत. सगळा उतार निळा-जांभळा झाला होता आणि मधमाश्यांचा आवाज भरून राहिला होता. एका जागी तो वाटेतून बाजूला झाला, पानं सारली आणि म्हणाला, "इथं शेवळं येतात. आजी इथून आणायची. लोकांना सांगू नका."

जागा आम्ही सांगणार नाही.

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला मुख्य दरवाजाशी भेटायचं ठरलं आहे. वीसच जणांना घेता येईल, नावं बाहेर टेबलावर लिहून द्या. कान्हेरीपर्यंत जाऊ, 90 नंबरचं लेणं बघू, ज्यांना चढ नको ते चैत्याशी बसतील. टोपी, काठी, पाण्याची बाटली आणा. पोढीतलं पाणी पिऊ नका, त्यात आता शेवाळ आहे. वाटाड्याचे पैसे आपण सगळ्यांनी मिळून द्यायचे आहेत, ते सुटे आणा. आणि दरवाजाबाहेर पाड्यातल्या बायका भाजी घेऊन बसतात, तिथे भाव करू नका.